वजनाचे इंजेक्शन आवाक्यात आले, तरी कॅलरींचा हिशेब सुटत नाही

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतात विक्रीला आले. जूनमध्ये सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावाने आले. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत संपली आणि हे औषध बनवून विकण्याचा मार्ग देशी कंपन्यांना मोकळा झाला. आतापर्यंत मोजक्या लोकांना परवडणारे हे आठवड्याचे इंजेक्शन आता मध्यमवर्गीय घरांतही चर्चेचा विषय झाले आहे.

त्यामुळे दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो: “डॉक्टर, माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे. कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही. इंजेक्शन घेतलं तर मेटाबॉलिझम वाढेल का?”

थोडक्यात उत्तर असे: नाही. ही औषधे मुख्यतः भूक कमी करतात. तुमचे शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करते, हा हिशेब इंजेक्शन घेतले तरी तोच राहतो. म्हणून इंजेक्शन घ्यायचे असो वा नसो, हा हिशेब आधी समजून घेणे गरजेचे आहे. तो समजला नाही तर पैसे जातात, स्नायू जातात आणि उतरलेले वजन परत येते.

मेटाबॉलिझम म्हणजे नेमके काय?

मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय. खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढणे आणि ती शरीर चालवण्यासाठी वापरणे, या सगळ्या क्रियांना मिळून हे नाव आहे. ऊर्जा आपण कॅलरीमध्ये मोजतो. ही ऊर्जा तीन ठिकाणी खर्च होते.

पहिला आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे शरीर नुसते जिवंत ठेवण्याचा. तुम्ही दिवसभर अंथरुणावर पडून राहिलात तरी हृदय, फुफ्फुसे, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे काम करतच असतात. याला बीएमआर म्हणतात. बैठे काम करणाऱ्यांमध्ये एकूण खर्चाचा ६० ते ७० टक्के भाग इथेच जातो. एकटा मेंदू या खर्चातील सुमारे पाचवा हिस्सा घेतो.

दुसरा खर्च अन्न पचवण्याचा. तो साधारण १० टक्के असतो. प्रथिने पचवायला शरीराला जास्त मेहनत लागते. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ती पचवण्यातच खर्च होते. तेला-तुपाच्या बाबतीत हा खर्च जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत असतो.

तिसरा खर्च हालचालीचा. यात व्यायाम आलाच, पण झाडलोट, जिने चढणे, बाजारात जाणे, उभ्याने स्वयंपाक करणे हेही आले. माणसा-माणसांत सर्वांत जास्त फरक याच भागात असतो आणि आपल्या हातातही सर्वांत जास्त हाच भाग असतो.

“माझे मेटाबॉलिझम स्लो आहे” हे कितपत खरे?

असे वाटणारे लोक खोटे बोलत नसतात. पण मोजून पाहिले की चित्र वेगळे दिसते.

१९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा स्थूल व्यक्ती निवडल्या होत्या, ज्यांच्या सांगण्यानुसार त्या दिवसाला १२०० कॅलरींपेक्षाही कमी खात होत्या, तरी वजन हलत नव्हते. त्यांपैकी दहा जणांचा ऊर्जाखर्च आणि प्रत्यक्ष आहार शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांचे मेटाबॉलिझम अगदी नॉर्मल निघाले. सांगितलेला आहार मात्र हजार कॅलरींच्या आसपास होता आणि प्रत्यक्ष आहार सुमारे दोन हजार. ही माणसे काही लपवत नव्हती. खाल्लेले लक्षात ठेवण्यात आणि त्याचा अंदाज बांधण्यात आपण सगळेच चुकतो. पोळीला लावलेले तेल, फोडणी, मुलांच्या ताटातले उरलेले, चहातली साखर, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे हे कोणी मोजत नाही.

दुसरा समज म्हणजे चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावते. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारित अभ्यास आला. शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण लक्षात घेतले, तर वयाच्या २० ते ६० वर्षांत ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसले. रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रियांमध्येही वेगळी घसरण आढळली नाही. खरी घट साठीनंतर सुरू होते आणि तीही वर्षाला एक टक्क्यापेक्षा कमी.

मग चाळिशीत पोट का सुटते? बसणे वाढते, झोप कमी होते, स्नायू हळूहळू घटतात आणि ताट मात्र पंचविशीतलेच राहते.

थायरॉइडचे काय? थायरॉइड कमी काम करत असेल तर वजन वाढते, हे खरे आहे. पण ती वाढ बहुधा दोन ते पाच किलोंची असते आणि त्यातही बराचसा भाग पाणी साठल्यामुळे असतो. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, पाळीत बदल अशी लक्षणे असतील तर टीएसएच तपासून घ्या. गोळी सुरू असेल आणि रिपोर्ट नॉर्मल असेल, तर वीस किलो जास्त वजनाचा दोष थायरॉइडला देता येत नाही. वजन कमी व्हावे म्हणून थायरॉइडची गोळी मनाने वाढवणे तर हृदयासाठी धोक्याचे आहे.

तुमची रोजची गरज किती? स्वतः काढून पाहा

एक सोपे सूत्र आहे. कागद-पेन घ्या.

१. वजन (किलोमध्ये) गुणिले १०.
२. उंची (सेंटिमीटरमध्ये) गुणिले ६.२५.
३. या दोन्हींची बेरीज करा.
४. त्यातून वय गुणिले ५ वजा करा.
५. पुरुष असाल तर ५ मिळवा. स्त्री असाल तर १६१ वजा करा.

हा झाला तुमचा बीएमआर. आता दिवसभराच्या हालचालीनुसार त्याला गुणा. बैठे काम आणि थोडे घरकाम असेल तर १.४ ने, दिवसभर उभ्याने किंवा चालत काम असेल तर १.६ च्या आसपास.

उदाहरण घेऊ. समजा, एका ताईंचे वय ४५, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो आहे. ७२० अधिक ९६९, वजा २२५, वजा १६१, म्हणजे सुमारे १३०० कॅलरी. त्याला १.४ ने गुणले की १८२० येतात. ही सूत्रे पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवर बनलेली आहेत आणि आपल्याकडे ती थोडा जास्त आकडा दाखवतात. म्हणून पाच-दहा टक्के कमी धरा. ताईंची गरज झाली साधारण १६५० ते १७५०.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले आकडेही पडताळून पाहायला उपयोगी आहेत. ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी १६६० कॅलरी आणि ६५ किलो वजनाच्या, तसेच काम करणाऱ्या पुरुषासाठी २११० कॅलरी. शेतात किंवा बांधकामावर कष्टाचे काम करणाऱ्यांसाठी हेच आकडे २७२० आणि ३४७० होतात. शेतावर राबणाऱ्या आजोबांचे जेवण आज संगणकासमोर बसणाऱ्या नातवाला का मानवत नाही, ते इथे कळते.

वजन कमी करायचे तर या गरजेपेक्षा रोज ३०० ते ४०० कॅलरी कमी घ्या. वरच्या उदाहरणातील ताईंसाठी हा आकडा १३०० ते १४०० च्या आसपास येईल. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये.

हे सूत्र अंदाज आहे. खरे उत्तर तुमचा वजनकाटा देईल, पण एका दिवसात नाही. मीठ, पाळी, बद्धकोष्ठता यामुळे वजन रोज एक-दीड किलो इकडे-तिकडे होऊ शकते. आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी रिकाम्या पोटी वजन करा, सरासरी काढा आणि चार आठवड्यांची सरासरी बघूनच ठरवा.

वजन मध्येच का थांबते?

बहुतेकांचा धीर इथे सुटतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. त्यानुसार रोज २५० कॅलरी कमी घेतल्या तर वर्षात जवळजवळ १२ किलो वजन उतरायला हवे, तीन वर्षांत ३५ किलो आणि पुढे माणूसच उरणार नाही! प्रत्यक्षात असे होत नाही, कारण या हिशेबात एक गोष्ट सुटलेली आहे. वजन उतरले की शरीराचा खर्चही उतरतो. लहान शरीराला चालवायला कमी ऊर्जा लागते. रोज पाठीवर दहा किलोची पिशवी घेऊन फिरणारा माणूस ती खाली ठेवतो, तेव्हा त्याचा चालण्याचा खर्चही कमी होतोच.

२०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी याचा नेमका हिशेब मांडला. रोजच्या आहारात कायमची सुमारे २४ कॅलरींची घट केली, तर शेवटी साधारण एक किलो वजन कमी होते. त्यातील निम्मी घट पहिल्या वर्षात होते आणि बाकीची पुढच्या एक-दोन वर्षांत. म्हणजे रोज २५० कॅलरी कमी केल्या, तर शेवटी साधारण दहा किलो. त्यातले पाच पहिल्या वर्षी.

म्हणून सहा-आठ महिन्यांनी काटा थांबला, तर तुमचे मेटाबॉलिझम बिघडलेले नाही. तुमचे नवे शरीर आणि नवा आहार यांचा मेळ बसला आहे. इथून पुढे दोनच रस्ते आहेत: नव्या वजनाने सूत्र पुन्हा मांडून थोडा बदल करणे, किंवा आहे ते वजन टिकवणे. टिकवणे हेही यश आहे. सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली तरी साखर, रक्तदाब, गुडघेदुखी आणि फॅटी लिव्हर यांत फरक पडतो.

शरीर थोडा प्रतिकारही करते. वजन उतरताना खर्च अपेक्षेपेक्षा किंचित जास्त घटतो आणि भूक वाढते. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेत लोकांनी काही महिन्यांत प्रचंड वजन उतरवले होते. त्यांपैकी १४ जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते आणि त्यांचा बीएमआर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. हे टोकाचे उदाहरण आहे. पण ‘एका महिन्यात पंधरा किलो’ अशा जाहिराती बघताना ते आठवावे.

मग इंजेक्शन नेमके काय करते?

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे हार्मोन निघते. ‘पोट भरले’ हा निरोप ते मेंदूपर्यंत पोहोचवते. सेमाग्लुटाइड याच हार्मोनची नक्कल करते, पण त्याचा परिणाम आठवडाभर टिकतो. टिर्झेपॅटाइड अशाच आणखी एका हार्मोनचीही नक्कल करते. भूक कमी लागते, थोडक्यात पोट भरते, सतत डोक्यात घोळणारा खाण्याचा विचार शांत होतो. माणूस कमी खातो आणि वजन उतरते.

परिणाम खरोखर चांगला आहे. ‘स्टेप १’ या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले. औषधाविना, फक्त आहार आणि व्यायामाच्या सल्ल्यावर असलेल्या गटात ही घट २.४ टक्के होती. स्थूलता हा इच्छाशक्तीचा दोष आहे असे मानणाऱ्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत. भुकेचे हार्मोन बदलले की तीच माणसे सहज कमी खाऊ लागतात. म्हणजे दोष मनाच्या कमकुवतपणाचा नव्हता.

पण त्याच चाचणीचा पुढचा भाग जाहिरातींत सांगत नाहीत. औषध थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. कारण वर सांगितलेच आहे: शरीर लहान झाले, खर्च कमी झाला, औषध गेले आणि भूक जुनीच परत आली. म्हणून “लग्नापुरते तीन महिने घेतो” हा विचार पैशाच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांच्या स्थूलतेसाठी या औषधांची सशर्त शिफारस केली. दीर्घकाळ वापर, आहार आणि हालचालीचा आधार असे त्या शिफारशीचे स्वरूप आहे. सुटसुटीत शॉर्टकट म्हणून ती केलेली नाही.

आपल्यासाठी मोठा धोका: स्नायू गमावणे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त’ भारतीय शरीराकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के!

म्हणजे त्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० पेक्षा जास्त असणे हीसुद्धा धोक्याची खूण आहे.

आता यात उपासमारीचे डाएट किंवा देखरेखीविना इंजेक्शन यांची भर घाला. वजन उतरते तेव्हा फक्त चरबी जात नाही, स्नायूही जातात. ‘स्टेप १’मधील काही सहभागींचे शरीर स्कॅनने तपासले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी जवळजवळ ४० टक्के वाटा चरबीविरहित भागाचा होता. आधीच कमी असलेले स्नायू आणखी गेले, तर अशक्तपणा येतो, उतारवयात पडण्याची भीती वाढते, साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. वजन परत येते तेव्हा ते मुख्यतः चरबीच्या रूपात येते.

स्नायू टिकवण्याचे दोनच उपाय आहेत: पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम.

ताटात आणि दिवसात काय बदलायचे?

*प्रथिने वाढवा.* २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिठूळ पदार्थ आणि साखर यांतून, तर प्रथिनांतून फक्त १२ टक्के मिळते असे आढळले. वजन उतरवताना दर किलो वजनामागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिने हे लक्ष्य ठेवा. वजन खूप जास्त असेल तर तुमच्या उंचीला योग्य असलेले वजन धरा. एका अंड्यात ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. आमटी पातळ असेल तर वाटीभर पिऊनही डाळ थोडीच पोटात जाते. आमटी घट्ट करा, मोडाच्या उसळीची वाटी मोठी करा आणि एक पोळी किंवा भाताचा एक वाढा कमी करा. मांसाहारी असाल तर रस्सा कमी आणि मासे किंवा चिकनचे तुकडे जास्त घ्या.

*तेल मोजा.* फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी खाद्यतेलाचा वापर १० टक्के कमी करण्याचे आवाहन केले होते. त्याचा हिशेब मांडून पाहू. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २७० कॅलरी होतात. त्यातले १० टक्के म्हणजे रोज २७ कॅलरी. हॉल यांच्या हिशेबाने यातून शेवटी एक किलोच्या आसपास वजन उतरेल. चार लिटरचे तीन लिटर केले तर माणशी जवळजवळ तीन किलो. कुणी एकट्याने डाएट करण्यापेक्षा घराची तेलाची बरणी छोटी करणे सोपे असते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईवर दोन वेगळ्या भाज्यांचा भारही पडत नाही.

*चहा आणि उपवास तपासा.* दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी. उपवासाला शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची एक बशी खिचडी सहज पाचशेच्या घरात जाते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही.

*चाला, पण चालण्याच्या भरवशावर खाऊ नका.* ७० किलोचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. परतताना खाल्लेल्या एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. टांझानियातील हाडझा या शिकार करून जगणाऱ्या समाजाचा दिवसाचा ऊर्जाखर्च २०१२ मध्ये मोजला गेला, तेव्हा शरीराच्या आकाराच्या मानाने तो शहरी पाश्चात्त्य लोकांइतकाच निघाला. जास्त हालचाल केली की शरीर इतरत्र काटकसर करते. तरीही चालणे सोडू नका. साखर, रक्तदाब, झोप, मन आणि उतरलेले वजन टिकवणे, या सगळ्यासाठी त्याची गरज आहे.

*ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा करा.* जिमची गरज नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, जिने चढणे एवढे पुरते. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टकडून प्रकार शिकून घ्या.

हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेत असाल, तर आहार अचानक कमी केल्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डोस ठरवून घ्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरल्यावर बदलावा लागू शकतो.

गरोदर असलेल्या किंवा बाळाला पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, सत्तरीपुढचे ज्येष्ठ आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने कॅलरी कमी करू नयेत किंवा प्रथिने वाढवू नयेत.

वजनाचे इंजेक्शन दुकानातून, ओळखीतून किंवा समाज माध्यमांवरील जाहिरातीवरून घेऊ नका. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवे. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, तुम्हाला पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर ते आधी सांगा. इंजेक्शन सुरू असताना पोटात तीव्र दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील किंवा पाणीही पोटात टिकत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. वजन फार झपाट्याने उतरले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते.

आणि काहीच प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर आनंद मानू नका. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडची अतिक्रिया, कर्करोग अशी कारणे त्यामागे असू शकतात. तपासणी करा.

इंजेक्शन घ्यायचे की नाही?

बीएमआय बराच जास्त असेल, सोबत मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असेल आणि आहार-व्यायामाचे प्रामाणिक प्रयत्न करूनही फरक पडला नसेल, तर या औषधाबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. लाज वाटण्याचे कारण नाही. जाताना तीन प्रश्न लिहून न्या: हे मला किती काळ घ्यावे लागेल, महिन्याचा खर्च मी तेवढा काळ पेलू शकेन का, आणि थांबवायचे ठरले तर वजन टिकवण्याची योजना काय?

पाच-सात किलोच जास्त असतील, तर आधी आठवडाभर खाल्लेले सगळे वहीत लिहा. तेल, साखर, मधले खाणे, सगळे. मग वरचे सूत्र मांडा आणि रोजच्या ३०० कॅलरी कुठून कमी करता येतील ते घरच्यांसोबत बसून ठरवा. पुढच्या भेटीला ती वही सोबत आणा. मेटाबॉलिझमच्या कुठल्याही महागड्या पॅकेजपेक्षा त्या वहीतून डॉक्टरांना जास्त कळेल.